गोधडीखालचा भात

आमच्याकडे दुपारी तीन वाजता कोरिया लागायचा. शब्द आईचा. बातम्या लागतात, मॅच लागते, तसा कोरिया लागतो. समोरच्या मावशीच्या लेकीने लॉकडाऊनमध्ये हे खूळ घरात आणलं. ती पुढे कामावर परत गेली, पण आई आणि मावशी काही त्यातून बाहेर आल्या नाहीत. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवायचा, हिंदीत डब केलेली कोरियन मालिका लावायची आणि त्यातल्या माणसांची उणीदुणी काढायची. मी चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं तपासते. सकाळची पाळी संपवून आले की चपला काढता काढताच मला कळायचं, आज कोणाचं कोणाशी फिसकटलं.

नावं दोघींच्याही लक्षात राहायची नाहीत. त्यामुळे वकील, रडकी, टोपीवाली, मोठ्या घरची सासू अशीच बोलणी चालायची. मावशी मूळची अकोल्याकडची, बौद्ध, एकदम रोखठोक. सासू कोरियाची असो की कांदिवलीची, तिला पहिल्या दिवशीच जाब विचारायला हवा होता, असं तिचं मत. आई कोकणातली. तिला त्या लोकांचं वयाचा मान ठेवणं, उंबऱ्यात चपला काढणं, दोन्ही हातांनी पेला देणं फार आवडायचं. फक्त मुलगी ज्याच्यावर प्रेम करते त्यालाच दादा म्हणते, हे मावशीच्या लेकीने सांगितलं तेव्हा आईने दोन दिवस ती मालिका बघितली नाही. मग स्वतःच म्हणाली, त्यांच्यात चालत असेल, आपल्याकडे मामाची मुलगी करतातच की.

दादा हा शब्द आमच्या घरात जपून वापरला जायचा. माझा दादा बारा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी घरातून गेला तो गेलाच. मित्राला कुर्ला टर्मिनसवर सोडून येतो, तू भात टाक, असं आईला म्हणाला. मोबाइल घरीच चार्जिंगला लावलेला होता. असा कुठला मित्र होता हे आम्हाला कधीच कळलं नाही. पोलीस चौकी झाली, हॉस्पिटलं झाली, पेपरात फोटो झाला. भांडण नव्हतं, आजार नव्हता, चिठ्ठी नव्हती. त्या दिवशीचा भात आईने संध्याकाळपर्यंत झाकून ठेवला होता, एवढं मला आठवतं.

मला त्याचा राग येतो, खोटं कशाला बोलू. त्याच वर्षी माझं लग्न जमत आलं होतं. पोरगा बेपत्ता असलेल्या घरातली मुलगी कोण करून घेणार, आणि आईला एकटं टाकून मी तरी कशी जाणार. आईने स्वतःचा जुना मोबाइल नंबर बदलू दिला नाही, कारण तो दादाला पाठ होता. तो झोपायचा तो दिवाण जागचा हलवू दिला नाही. त्याच्यावर त्याची गोधडी घडी करून असायची. मी त्या गोधडीवर मुद्दाम बसायचे.

भाद्रपद जवळ आला आणि गावाहून काकाचा फोन आला. त्याने आधी माझी चौकशी केली, पावसाची केली, मग मुद्द्यावर आला. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून क्रिया करायची, ही आमच्याकडची रीत. फोन स्पीकरवर होता. "बारा वर्सां झाली गे वैनी," काका म्हणाला, "आता तेका मोकळो करूक होयो." आईने फोन माझ्याकडे सरकवला आणि डाळ धुवायला उठली.

मला काकाचं पटलं होतं. क्रिया व्हावी, फोटोला हार लागावा, पितृपक्षात महाळाला पान वाढावं, म्हणजे निदान आपल्या घरात कोण आहे आणि कोण नाही हे तरी ठरेल. तसं मी आईला म्हटलंही. महिनाभर आमच्यात हाच एक विषय होता आणि त्यावर मी एकटीच बोलत होते.

त्याच दिवसांत या दोघींची एक नवी मालिका चालू होती. समुद्रकाठचं गाव, मासे सुकवणारी एक विधवा, तिचा धाकटा मुलगा बोटीवर गेलेला आणि परत न आलेला. ती बाई रोज भाताचा वाडगा झाकण घालून जमिनीवरच्या पांघरुणाखाली सरकवायची. त्यांच्याकडे जमीन खालून तापवतात, त्यामुळे भात गरम राहतो. तो कधीही आला तरी त्याला गार भात मिळू नये, एवढ्यासाठी. दुसऱ्या एका भागात त्याच बाईने नवऱ्याच्या तिथीला टेबल मांडलं. फळं, मासे, भात, सगळं आपल्या पानासारखं. आईने फक्त विचारलं, कावळ्याला कुठे ठेवतात. मावशी म्हणाली, आमच्यात बाई पानबीन काही नाही, मेणबत्ती लावतो, वंदना घेतो, संपलं.

मुलगा परत येणार का, यावर दोघींचं वाजलं. मावशीचं म्हणणं, तो मेला, त्या ॲक्टरला दुसरीकडे काम मिळालं असणार. आई तीन दिवस मावशीशी बोलली नाही. मावशीला कारण कळलं तेव्हा ती शिऱ्याची वाटी घेऊन आली आणि मोबाइलसमोर बसली.

मग एक दिवस मी पाळीवरून आले, ऑक्टोबरचं ऊन डोक्यात गेलं होतं, आणि नेहमीसारखी दिवाणावर गोधडीवर टेकले. गोधडी गरम होती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी. मी ताडकन उभी राहिले. घरात मी एकटीच होते, आई मावशीकडे होती. भीती वाटली, आणि लाज वाटते सांगायला, एक क्षण आनंदही झाला. मी बाथरूममध्ये डोकावून आले. मग गोधडी उचलली. आत टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा उंच डबा होता. झाकण काढलं तर भात, आणि भातात लोणच्याचा छोटा चमचा सरळ उभा खोचलेला.

मी आईला काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी डबा होता, तिसऱ्याही दिवशी होता. संध्याकाळी सात वाजता ती तो भात आमटीत कालवून स्वतः खायची. दुपारभर त्या खोलीत ती ऊब असायची. मी पंख्याखाली जेवायला बसायचे आणि माझी पाठ दिवाणाकडे होऊ द्यायचे नाही.

चमच्याचं मी मावशीच्या लेकीला जिन्यात विचारलं. तिने असलं बरंच वाचलेलं होतं. भातात चमचा उभा खोचतात तो गेलेल्या माणसासाठी, ती म्हणाली, त्या विधवेने नवऱ्याच्या भातात खोचला होता. जिवंत माणसाच्या ताटात तसा ठेवणं तिकडे अशुभ मानतात. "काकींची दोन सीनची गल्लत झाली असणार. ताई, त्यांना सांगू नकोस ना."

सांगायचं नाही हे मलाही कळत होतं. पण सर्वपित्रीला दोन दिवस राहिले होते, काकाचा पुन्हा फोन येऊन गेला होता, भटजी थांबला होता. आई नुसती मान हलवून नाही म्हणत होती. आणि मी बारा वर्षांचा राग तिच्यावर काढला.

"तो चमचा मेलेल्यांसाठी असतो," मी म्हटलं. "तूच त्याला पान वाढतेयस रोज. मग भटजीने वाढलं तर काय बिघडलं?"

आई लसूण सोलत होती. ती थांबली नाही.

"माहितीये मला," ती म्हणाली. "डोळे आहेत मला. त्या बाईने नवऱ्याला कसं वाढलं ते बघितलंय मी."

"मग?"

"असला तर गरम मिळेल. नसला तर पोचेल." तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "मी काय करू, दोन डबे ठेवू?"

तिची गल्लत झालेली नव्हती. पुतळा केला असता तर तिला गरम भात बंद करावा लागला असता, आणि चमचा काढला असता तर पोरगा गेलेला असला तर तिथे उपाशी राहिला असता. त्यापेक्षा तिने दोन्ही एकाच डब्यात बसवलं होतं. आणि मी तिला अडाणी समजत होते. मी तिच्या शेजारी बसून लसूण सोलायला घेतला. त्या संध्याकाळी काकाला मीच फोन केला आणि यंदा नाही, असं सांगितलं. यंदा नाही तर कधी, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ते आईला विचारू नका.

पुढे दिवाळीनंतर आई तापाने आडवी झाली. मावशी दुपारी येऊन बसली, कोरिया लावला, पण आवाज बारीक ठेवला. बोटीवर गेलेल्या त्या मुलाचं अजून काही दाखवलेलं नव्हतं. आई ग्लानीत होती, तरी तिची नजर सारखी ओट्याकडे जात होती. मी उठले. कुकरमधला वाफाळता भात डब्यात भरला, दाबला नाही, तिला मोकळा लागतो. लोणच्याचा चमचा हातात घेतला. मग तो भातात सरळ उभा खोचला, झाकण लावलं, डबा टॉवेलात गुंडाळला आणि गोधडीखाली सरकवला.

मावशी बघत होती. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली, ये गं, बस इथे, सासू आलीये. मी जाऊन दिवाणावर बसले. मावशी म्हणाली, कडेला काय बसलीस अशी, पडशील, सरक की आत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी दादाला जागा सोडून बसले होते.