ढोलकीवर कोण बसणार

शेजारी नवी ढोलकी आली आणि कोऱ्या चामड्याचा वास माझ्या खोलीत शिरला, तेव्हाच हे लिहायला बसलो. पोशीर गावची आमची भीमगीतांची गायन पार्टी बंद पडून वर्षं झाली होती आणि मंडळाने जयंतीला ती पुन्हा उभी करायचं ठरवलं. ढोलकीवाले दोन होऊन गेलेले, पहिला कशेळ्याचा, दुसरा त्याच्यानंतर आलेला. मी ऐकणाऱ्यांतला, पण एकही कार्यक्रम चुकवलेला नव्हता, म्हणून मंडळाच्या अध्यक्षाने मलाच विचारलं, "काका, तुमी सांगाल तो. कोणाला बोलवू?" खरं उत्तर पहिलाच होता. पण त्याने एकदा भर कार्यक्रमात गाणं थांबवून मला म्हटलं होतं, "तू टाळ्या नको वाजवू रं, माझा ठेका चुकतो," आणि सगळा मांडव हसला होता. मी सांगितलं, "पहिल्याचा हात थरथरतो आता." दुसऱ्याला बोलावलं गेलं. जयंतीला पहिला नुसता ऐकायला म्हणून जीपने आला आणि नेमका माझ्याजवळ बसला. गाणं सुरू होताच त्याची बोटं मांडीवर वाजू लागली, एक मात्रा इकडची तिकडे नाही. "तुझं ऐकतात ते," तो हळूच म्हणाला, "पुढच्या खेपेला माझं नाव सांग रं." मी "सांगतो" म्हणालो. सांगितलं नाही, आणि पुढच्या जयंतीआधी तो गेला. त्याचा हात थरथरत नव्हता, हे मंडळाला मी आज कळवतो आहे.