खोकाभर चिनी चाकू

दुकानात बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच आणून देतं! पण मी चिनी फोल्डिंगचे चाकू ठेवले आणि महिनाभरात मला अगदी जीव नकोसा झाला.

आमचं रत्नागिरीच्या बाजारात कोयत्या-विळ्यांचं दुकान. गल्ल्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील. डाव्या हाताने माल दिला की बेचाळिसाव्या वर्षीही मला गिऱ्हाइकासमोर झापतात. चाकू बघून म्हणाले, "असली खेळणी आपल्या दुकानात? महिनाभर ठेव. तक्रारी आल्या तर सगळा खोका परत!"

मला ते चाकू मनापासून आवडले होते हो! स्वस्त, हलके, उघडले की खट्कन लॉक. मिटवताना आतली पट्टी अंगठ्याने बाजूला सारायची, बस्स.

*

पहिला चाकू भाट्याच्या दत्तारामकाकांनी नेला. संध्याकाळी हजर. पातं वाकडं!

"काका, केलंत काय?"

"काय नाय रे, शहाळं सोलत होतो."

"अहो, शहाळ्याला कोयती नाही का?"

"ती घरी राहिली. तूच म्हणालास ना, हा खिशात ठेवा!"

मी कपाळावर हात मारला. आप्पा नुसते "हं" म्हणाले.

*

पावसचे बागवाले बाबल्यामामा. नवीन हत्यार घरी नेलं की आधी दगडावर घासायचं, ही त्यांची जुनी सवय. अंगणातल्या जांभ्या चिऱ्यावर त्यांनी चाकू अर्धा तास घासला!

"धारच नाय रे तुझ्या चाकूला."

"होती मामा! तुम्ही घासायच्या आधी होती!"

आप्पा पुन्हा "हं".

*

सावंतबाई तर उघडा चाकू हातात धरून रिक्षातून उतरल्या. समोरची माणसं बाजूला!

"बाई, असाच आणलात?"

"मग काय करू? मिटतच नाही मेला! रिक्षावाल्याने मात्र आज एकही खड्डा घेतला नाही हो."

मी तीनदा पट्टी दाखवली. आप्पा तिकडून म्हणाले, "मिटवायला शिकवणी लागते, असलं हत्यार विकायचं कशाला?"

खूप वाईट वाटलं.

*

महिना संपला. दुपारी जेवून आलो आणि खोका बांधायला घेतला. विकलेले वजा करून मोजले तर एक चाकू कमी! सगळी फळी उलथीपालथी केली, पण नाही म्हणजे नाही. शेवटी तसाच खोका सुतळीने बांधला.

तेवढ्यात एक बाई विळी न्यायला आल्या. आप्पांनी विळी दिली. डाव्या हाताने!

मी बघतच राहिलो. पुढच्या माणसाला कोयती दिली, तीही डाव्याच हाताने. उजवा हात पेपराखाली.

"आप्पा, हात दुखतोय का? डॉक्टरकडे जाऊ या?"

"गप बस तू."

गिऱ्हाईक गेल्यावर मी सरळ पेपर उचलला. खाली हापूसच्या साली. आणि आप्पांच्या मुठीत चाकू, सताड उघडा, पात्याला रस.

"बघतोस काय मेल्या? मिटव आधी!"

मी पट्टी सारली, मिटवला आणि खोक्याकडे वळलो.

"तिकडे कुठे नेतोस? तो माझा आहे. आणि ती सुतळी सोड!"