टोपली येगळी घ्या, भाऊ

"टोपली येगळी घ्या, भाऊ." धानोऱ्याच्या संगणकवर्गातील बाई हे वाक्य बोलत, तेव्हा त्यांचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले असत. विद्यार्थ्याच्या कळफलकाला त्या कधीही स्पर्श करीत नसत. चूक ज्याची, दुरुस्तीही त्याचीच, असा त्यांचा दंडक होता. न्यायालयात आयुष्यभर कारकुनी केलेल्या मला तो तत्काळ मान्य झाला.

निवृत्तीनंतर मी पायथन ही संगणकभाषा शिकायला गेलो, तो उत्तरे न देणाऱ्या कार्यालयांवरच्या रागापोटी. निरनिराळ्या कार्यालयांना पाठविलेल्या माझ्या अर्जांची यादी संगणकात होती. उत्तर आलेले अर्ज वगळून उरलेल्यांसाठी स्मरणपत्रे धाडायची होती. मी आज्ञा लिहिली: एकेक अर्ज पाहा, उत्तर आले असेल, तर तो याच यादीतून काढून टाक. निकाल आला, आणि उत्तर आलेले कित्येक अर्ज त्यात निवांत बसलेले!

"हे यंत्र नोटिशीस पात्र आहे," मी गरजलो.

"कॉम्प्युटरवर केस टाकता का?" बाई हसल्या. "त्याची काई चूक नाई. तुमी एक काढला, का मागचे सारे एक घर पुढं सरकते. तुमी बी पुढच्या घरावर जाता. मधातला एक न पाहताच सुटते. मोहफुलं निवडता, तवा पायजे ती दुसऱ्या टोपलीत टाकता ना? तसंच करा. जुन्या यादीले हात नोका लावू. पायजे तेच अर्ज नव्या यादीत घ्या."

दुसऱ्या दिवशी मी अतिसावधपणे आधी यादीची प्रत केली: नवे नाव, बरोबरचे चिन्ह, जुने नाव. मग त्या प्रतीतून खुशाल अर्ज काढले. पाहतो तो मूळ यादीही तितकीच उजाड.

"नावं दोन, टोपली एकच," बाई म्हणाल्या. "पोरीले घरी चिमणी म्हणा, शाळेत दुसरं नाव सांगा, पोरी दोन झाल्या का, भाऊ?"

सारा वर्ग हसला. मीही हसलो, जे सहसा घडत नाही.

वाचकहो, हसतमुख माणूस मोकळा असतो, असे आपणही गृहीत धरीत असाल. या बाई त्या वर्गात अडकलेल्या होत्या. नोकरीवर घेताना संस्थाचालकाने त्यांची मूळ प्रमाणपत्रे "सांभाळायला" म्हणून घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली. करार संपेपर्यंत ती मिळणार नव्हती. इकडे चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात त्यांची निवड झाली. मूळ कागद घेऊन सोमवारी हजर राहिले नाही, तर ती जागा जाणार होती.

माझा संताप अनावर झाला. दुसऱ्याची प्रमाणपत्रे ओलीस ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मालकास नाही. मी रीतसर नोटीस तयार करून त्यांच्यापुढे ठेवली. उणीव केवळ त्यांच्या सहीची होती.

त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"लय मस्त लिवली, भाऊ. पण माही लहान बहीण बी इथीच शिकवते. तिचे कागद त्याच कपाटात हायेत. मी सुटली, तर तो तिले सोडन का?"

"तिच्यासाठी दुसरी नोटीस देऊ!"

"आन् तवरक तिनं इथी कसं राहावं?"

मी नोटिशीची घडी घालून ती खिशात ठेवली.

सोमवारी बाई वर्गात दिसू नयेत, अशी इच्छा धरून मी गेलो. त्या हजर होत्या. थोड्या वेळाने खिडकीबाहेर चंद्रपूरची एसटी थांबली. वाहक ओळखीचा असावा. त्याने दारातून हाक दिली, "मॅडम, येता का? जागा हाय!"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. घंटी वाजली, गाडी निघाली.

मी संगणकावर लिहिलेला माझा कार्यक्रम चालवला. "बाई, जरा पाहता का?"

"बरोबर हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांची नजर रस्त्यावर होती. पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटली होती.