डिझेल थिजलं तेव्हा

नणंदेला मुलगी झाली आणि सासूबाईंनी कॅनडात, रेजिना शहरातल्या आमच्या घरात जाहीर करून टाकलं, "बारशाला मी सस्काटूनला जाणार म्हणजे जाणार."

त्यांच्या फुप्फुसांचा आजार तेव्हा बराच पुढे गेला होता. नाकात नळी, आणि पलंगाशेजारी सतत घुमणारं ऑक्सिजनचं मशीन. खांद्याला अडकवायचं छोटं मशीन त्यांना पुरेनासं झालं होतं, आणि मोठ्याला भिंतीतला प्लग लागायचा. कारमधून कसं न्यायचं, हा प्रश्न होता. नवरा म्हणाला, "आपलं मोटरहोम आहे की! मागे पलंग आहे, प्लग आहे. आई झोपून येईल."

मोटरहोम जुनं होतं. डिझेलचं, बसएवढं लांब, इंजिन पार मागे. उन्हाळ्यात डोंगरातून फिरून आल्यावर आम्ही टाकी भरली होती, आणि तेव्हापासून ते ड्राइव्हवेतच उभं होतं. बारशाच्या आठवड्यात एकाएकी कडाक्याची थंडी पडली. रात्रभर इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावून ठेवला होता, त्यामुळे सकाळी इंजिन झटक्यात सुरू झालं. सासूबाईंना मागच्या पलंगावर नीट टेकवलं, मशीन चालू केलं, त्यांचे गरम पाण्याचे दोन मोठे थर्मास सिंकमध्ये ठेवले आणि निघालो.

अर्धं अंतर गेलं असेल. वारा सुटला होता, रस्त्यावरून बर्फ सापासारखा सरपटत होता. नवरा अचानक म्हणाला, "अगं, पाय पूर्ण दाबलाय, पण गाडी ओढतच नाहीये." स्पीड उतरत गेला. इंजिनाने दोनदा आचके दिले आणि ते बंद पडलं. त्याने कसंबसं मोटरहोम कडेला घेतलं. डॅशबोर्डवर सगळे लाल दिवे एकदम लागले.

इंजिन बंद म्हणजे बॅटरी चार्ज होणं बंद. ऑक्सिजनचं मशीन आता फक्त घराच्या बॅटरीवर, म्हणजे मोटरहोमचे आतले दिवे-प्लग चालवणाऱ्या वेगळ्या बॅटरीवर चालणार होतं, आणि त्याच बॅटरीवर हीटरचा पंखाही.

"इलेक्ट्रिकल आहे," नवरा म्हणाला. वसंतात बॅटरीची केबल गंजून असाच घोळ झाला होता. तो किल्ली फिरवत राहिला. इंजिन फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही.

"अरे, थांब. स्टार्टरची बॅटरीपण संपवशील."

"मग काय करू? आई मागे आहे!"

त्याने ९११ला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची बाई शांतपणे बोलत होती. अँब्युलन्स निघते आहे, पण पुढे ट्रक आडवा झाल्यामुळे हायवे तुंबलाय. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

"गाडीतला जनरेटर लाव," मी म्हटलं. जनरेटरही डिझेलवरच चालतो. तो घरघरला, खोकला आणि थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मी शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनियर, पण कित्येक वर्षं सॉफ्टवेअरमध्येच गेलेली. तरी मल्टिमीटर घेऊन केबल तपासल्या. घट्ट होत्या, स्वच्छ होत्या. फ्यूजही शाबूत. मग डोक्यात आलं, इंजिन वेगळं, जनरेटर वेगळा, दोघांचं वायरिंग वेगळं. दोघांत समाईक काय? टाकी. म्हणजे डिझेल.

मागचं झाकण उघडलं तेव्हा वाऱ्याने श्वासच अडकला. डिझेल फिल्टरच्या खालची काचेची वाटी टॉर्चच्या उजेडात पाहिली. आत पारदर्शक काही नव्हतंच. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना, तसं पांढुरकं, घट्ट काहीतरी बसलं होतं. टाकीत अजून उन्हाळ्यातलं डिझेल होतं. इथे हिवाळ्यात पंपावर वेगळं डिझेल मिळतं, हे आम्हाला माहीत होतं. पण आमची टाकी त्याआधीच भरलेली.

"वायरिंग नाहीये!" मी ओरडले. "डिझेल थिजलंय!"

खालच्या कप्प्यात एक नवा फिल्टर होता आणि थिजलेलं डिझेल पातळ करायच्या औषधाच्या दोन बाटल्या. एक बाटली नवऱ्याने टाकीत ओतली. मी जुना फिल्टर काढायला गेले तर तो जागचा हलेना. तापवायला हवा होता. आत गॅसची शेगडी होती, पण ऑक्सिजन चालू असताना ज्योत पेटवायची नाही, हे आम्हा दोघांच्या अंगी मुरलेलं होतं. मग मी सासूबाईंचे थर्मास उचलले.

"माझं पाणी कुठे नेतेस?"

"गाडीला पाजते, आई."

"पाज, पाज," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांना मध्येच थांबावं लागत होतं.

फिल्टरभोवती टॉवेल गुंडाळून त्यावर गरम पाणी ओतलं. वाफ उडाली, हातमोजे भिजले आणि लगेच कडक व्हायला लागले. शेवटी फिल्टर सुटला. नव्यात दुसऱ्या बाटलीतलं औषध भरून तो बसवला आणि डिझेल ओढणारा हातपंप दाबत राहिले. आधी नुसती हवा, मग जड दाब लागला.

"स्टार्टर मार!"

पुढून फक्त टक, टक, टक ऐकू आलं. स्टार्टरची बॅटरी बसली होती.

एकच उपाय उरला होता. डॅशबोर्डवर एक बटण असतं, ते दाबलं की घराची बॅटरी स्टार्टरला जोडली जाते. पण घराच्या बॅटरीत होतं नव्हतं ते मशीनला लागत होतं. हीटरचा पंखा आम्ही आधीच बंद केला होता. आतही आमचा श्वास दिसत होता. जोडलं आणि तरी इंजिन लागलं नाही, तर मशीन बंद आणि हाताशी फक्त ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर.

नवरा म्हणाला, "नको. अँब्युलन्सची वाट बघू."

"ती केव्हा येईल, कुणाला माहीत? मशीनने आत्ताच एकदा बॅटरी उतरल्याची शिट्टी मारलीय."

"आणि इंजिन नाही लागलं तर? माझी आई आहे ती!"

मागून सासूबाईंनी पलंगावर थाप मारली. त्यांच्या ओठांवर निळसर छटा होती, पण डोळे लख्ख होते.

"भांडत काय बसलात? सिलिंडर लाव मला. आणि दाब ते बटण."

मी नळी सिलिंडरला जोडली, हवा येते का ते माझ्या गालावर बघितलं, त्यांच्या नाकात नीट बसवली. मग मशीन माझ्या हाताने बंद केलं. त्यानंतरची शांतता मला अजून आठवते. फक्त बाहेरचा वारा, आणि त्यांचा श्वास मोजून घेतल्यासारखा.

नवऱ्याने बटण दाबून धरलं, किल्ली फिरवली. इंजिन जडपणे फिरलं, अडखळलं. "सोडू नको," मी म्हटलं. एकदा पेटलं, विझलं. परत पेटलं, सबंध गाडी थडथडली, मागून पांढरा धूर निघाला आणि इंजिन धडधडत राहिलं. आम्ही दोघं हललो नाही, जणू हललो तर ते बंद पडेल. व्होल्टेजचा काटा हळूहळू वर यायला लागला. तो पुरेसा चढल्यावर मी मशीन चालू केलं, नळी बदलली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. नवऱ्याने त्यांच्या पायांवर दोन्ही हात ठेवले आणि तो तसाच बसून राहिला.

अँब्युलन्स आली तेव्हा अजून उजेड होता. पॅरामेडिक बाई तपासून म्हणाली, हॉस्पिटलमध्ये नेलेलं बरं. नवरा आईबरोबर गेला. मोटरहोम मी एकटीने सस्काटूनपर्यंत नेलं. प्रत्येक चढावर कान मागे इंजिनाकडे. वाटेतल्या पहिल्याच पंपावर, इंजिन बंद न करता, टाकीत मावेल तितकं हिवाळी डिझेल भरून घेतलं.

पोचले तेव्हा सासूबाई वॉर्डमध्ये उठून बसल्या होत्या. डॉक्टर दोन दिवस सोडणार नव्हते. मग नणंदच बाळाला घेऊन तिकडे आली. सासूबाईंनी नळी सावरत बाळाच्या कानात नाव सांगितलं, पण इतक्या हळू, की आम्हा कुणालाच ऐकू गेलं नाही. नणंद म्हणाली, "आई, परत सांग ना, मोठ्याने."

"तिला ऐकू गेलं," त्या म्हणाल्या, आणि नर्सकडे गरम पाणी मागितलं.

मी कॉरिडॉरमध्ये आले. नवरा खिडकीशी उभा होता. "मी नको म्हणालो होतो," तो म्हणाला.

"तू म्हणायलाच हवं होतंस," मी म्हटलं. मग गाडीतून आणलेले रिकामे थर्मास एकेक उचलून आम्ही दोघं आईंसाठी गरम पाणी भरायला निघालो.