भाकरी थापताना गायचं गाणं

वैदेही मॅडमचं नाव निघालं की जरिना हातातलं काम टाकून आधी दुवा देते, मग पुढचं बोलते. त्या बाईंनी तिला रडवलं होतं, हे मात्र ती सांगायला विसरत नाही.

जरिना मूळची सुप्याची. लग्न होऊन बारामतीला आली आणि मुजफ्फरच्या बांगड्यांच्या दुकानात हातभार लावू लागली. कामाला वाघीण, पण आवाज फाटका. हळदीच्या गाण्यांत तिनं तोंड उघडलं की बायका हसून म्हणायच्या, "जरिना, तू आपली टाळ्याच वाजव." तीही हसायची आणि टाळ्या वाजवायची.

त्यांची मुबशिरा दोन वर्षांची झाली तरी हाकेला वळेना. तपासण्या झाल्या, दोन्ही कानांना मशीन बसली. पोरीला बोलायला-ऐकायला शिकवणाऱ्या वैदेही मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मशीन आवाज कानापर्यंत नेईल. त्याची ओळख घरानंच करून द्यायची. कामं करता करता ताल धरा, गाणी म्हणा."

"मॅडम, गाण्याचं तेवढं सोडून काय बी सांगा."

"मग तालापासून सुरुवात करा."

ताल म्हटल्यावर जरिनाला भाकरीच सुचली. संध्याकाळी परात घेऊन ती फरशीवर बसायची, लेकीला शेजारी बसवायची. थाप पडली की पोरीनं एक शेंगदाणा वाटीत टाकायचा. चार दिवसांत मुबशिरा त्यात तरबेज झाली. थाप थांबली की तिचा हात थांबे. हात बघून टाकत असेल म्हणून पाठमोरी बसवली, तरी चुकेना! मग काय, घरात नुसती दिवाळी-ईद. मुजफ्फर गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरता भरता सांगायचा, "आमची पोरगी ऐकती आता." त्या भोळ्या माणसानं पेढेसुद्धा वाटले.

मॅडम घरी आल्या तेव्हा जरिनानं मोठ्या ऐटीत सगळा खेळ करून दाखवला. मॅडमनी तो शांतपणे पाहिला, मग मुबशिराला उचलून पलंगावर गादीवर बसवलं, पाठमोरी. "आता थापा," त्या म्हणाल्या.

जरिनानं थाप मारली. पोर शेंगदाणा मुठीत धरून बसून राहिली. जरिनानं जोर केला, आणखी जोर केला, शेवटी भाकरी फाटली. मुबशिरा हलली नाही.

"ताई, ती फरशीचा हादरा ओळखत होती," मॅडम हळूच म्हणाल्या.

जरिनाला रडू आवरेना. "पेढं वाटून बसलो की वो आमी!"

मॅडमनी तिला रडू दिलं. मग स्वतः खटपट करून मशीन पुन्हा नीट जुळवून घेतली आणि बजावलं, "आता तिला तुमचा आवाज हवा. रोज, कामाच्या धबडग्यातच."

"माझा आवाज लई वंगाळ हाय, मॅडम."

"तिला कुठं ठाऊक आहे, चांगला कसा असतो ते?"

जरिना गाऊ लागली. येत काहीच नव्हतं, म्हणून स्वतःच जुळवलं: 'भाकर माझी गोल गोल, मुबशिरा तू बोल बोल.' धुणं वाळत घालताना धुण्याचं, दुकानात बांगड्या रंगांप्रमाणे लावताना बांगड्यांचं. मुजफ्फर म्हणायचा, "जरिना, गिऱ्हाईक पळतंय." पण बोटांनी गल्ल्यावर ठेका तोच धरायचा. गायला वेगळा वेळ कधी काढावा लागला नाही. कामाला तोटा नव्हता, त्यामुळं गाण्यालाही नव्हता.

पोरीच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटत नव्हतं. उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. आपण भिंतीपुढं गातोय की काय, या विचारानं जरिना आतून खचत चालली होती.

मग एक दिवस ती भाकऱ्या करत होती. मुबशिरा पलंगावर तोंड फिरवून बाहुलीशी खेळत होती. गाता गाता कुणासाठी चाललंय हे, असं जरिनाच्या मनात आलं आणि ती गायची थांबली. हात तेवढे चालू होते, थापा पडतच होत्या.

मुबशिरानं मान वर केली. वळली. आईच्या हातांकडं तिनं पाहिलंच नाही, पाहिलं ते तोंडाकडं. बाहुली टाकून पलंगावरून उतरली, जवळ आली आणि बंद पडलेलं यंत्र हलवून बघावं तशी आईची हनुवटी धरून हलवायला लागली. "आं! आं!" तिची तक्रार चालली होती.

"अवो!" जरिनानं दाराशी वहाणा काढणाऱ्या मुजफ्फरला हाक मारली. "मी गायची थांबले, तर हिला कळलं वो!"

मुजफ्फर एक वहाण पायात तशीच ठेवून आत आला. या वेळी त्याच्याच्यानं कुणाला काही सांगायला जाववेना. तव्यावरची भाकरी करपू लागली. जरिनानं लेकीला पोटाशी घेतलं आणि आपल्या फाटक्या आवाजात गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.