नावेतलं मराठी

अक्षयाच्या आईची, शोभनाकाकूंची, माझ्याकडे एकच तक्रार असते. पोरीला डब्लिनला जाऊन वर्ष झालं नाही तोवर ती मडमीण झाली. आई फोनवर मराठीत बोलते आणि ही इंग्रजीत उत्तरं देते. काकू म्हणतात, तू तिच्याबरोबर राहतेस ना, चार शब्द सुनाव तिला. मी हो हो म्हणते. काय सुनावणार, कपाळ माझं!

मी उर्मिला. मिरजेला डॉक्टरकी शिकले, इथे सरकारी हॉस्पिटलात नोकरी करते. अक्षया सांगलीची, मास्टर्स करायला आलेली. माझ्याकडे मागच्या खोलीत राहते. मिरजेने सांगलीला घरात घेतलं, केवढं हे मोठं मन, असं मी तिला येता-जाता ऐकवायचे. ती म्हणायची, ताई, तुमची सतार तुम्हाला लखलाभ, नदी आमची आहे.

नदीचं वेड तिने इथेही सोडलं नाही. कॉलेज सुरू झालं न झालं तोच रोइंग क्लबात नाव घालून आली. तिथे सर-बिर कोणी नाही, सगळा कारभार पोरापोरींचा. ही चण एवढीशी, म्हणून त्यांनी हिला कॉक्स केलं. म्हणजे लिफी नदीच्या पाण्यावर त्या लांबलचक नावेच्या मागच्या टोकाला बसायचं, सुकाणू धरायचं आणि हुकूम सोडायचे. वल्ही मारणाऱ्या आठजणी पुढे पाठ करून बसतात. कुठे चाललोय हे त्यांना दिसतच नाही, दिसतं ते कॉक्सला. डोक्याला माइक, नावेत स्पीकर. सांगलीकरणीला आयताच लाउडस्पीकर मिळाला, मी म्हटलं.

आणि पोरगी खुलली हो. आधी रविवार आला की रडायची, आता उजाडायच्या आत सायकल घेऊन पसार. एकदा सरावात सगळ्याजणी शेवटी शेवटी गळपटल्या, तेव्हा कृष्णेवरच्या होड्यांच्या शर्यतीत काठावरून ओरडतात तशी ही ओरडली, "हाण! हाण की!" मुलींना ओ की ठो कळलं नाही, पण नाव उसळली. मग तो रिवाजच पडला. एरवी सगळे हुकूम इंग्रजीत, आणि अक्षया मराठीवर आली की अंगात असेल नसेल तेवढा जोर लावायचा. सगळ्यात पुढे बसायची ती ग्रॉन्या, कॉर्ककडची, लाल केसांची, माझ्या हातच्या पोह्यांवर जीव असलेली. ती तर दार उघडलं की हॅलोच्या जागी हाण म्हणायची. मला हसू आवरायचं नाही.

जानेवारीत मोठं वादळ झालं. ते सरून ऊन पडल्यावर त्यांनी नाव पाण्यात घातली. वरच्या अंगाला उन्मळलेलं एक झाड वाहत आलेलं होतं. वळणावर अक्षयाला ते दिसलं, ती ओरडली, आणि नाव थांबायच्या ऐवजी सुसाट जाऊन त्यावर आदळली. ओंडका नावेवर चढला तो थेट ग्रॉन्याच्या पाठीत. तिला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. मणक्याचा स्कॅन मी पाहिला. ती चालणार नाही हे तिच्या आईच्या आधी मला कळलं, आणि मी जिन्यात जाऊन रडले.

क्लबाने बैठक घेतली. नावेतल्या सातहीजणींनी एकच सांगितलं, अक्षयाने जोर लावायला सांगितलं, आम्ही लावला. अक्षया शपथेवर सांगत होती की मी थांबायला सांगितलं. कोणी तिला वाईट बोललं नाही. यू आर ग्रँड, म्हणाल्या, आणि तिच्याकडे न बघता उठून गेल्या. इथे 'ग्रँड' म्हणजे ठीक आहे, असू दे; तसं म्हटलं की पुढे बोलायची सोय नसते.

तिने अन्न सोडलं. एकच धोशा, ताई, मी ओरडले होते ना गं? का मला वेड लागलंय? माझं डोकं फिरलं होतं. एका पोरीला बळीचा बकरा करायला सगळ्याजणी खोटं बोलताहेत, म्हटलं, उद्या जाऊन एकेकीची खरडपट्टी काढते. आमटीला फोडणी देता देता मी नुसतं विचारलं, काय ओरडलीस ते जसंच्या तसं सांग.

"थांबा," ती म्हणाली. "थांबा, थांबा."

थांबायला त्यांच्यात 'ईझी' म्हणतात. महिनोन्‌महिने तिने ते घोकलं होतं. पण माणूस भ्यायलं की आईच्याच भाषेत ओरडतं. मी गॅस बंद केला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, मराठीत ओरडले मी.

ग्रॉन्याला सांगू नकोस, मी परोपरीने विनवलं. तिचे पाय काही परत येणार नाहीत, उगाच कशाला. तिने ऐकलं नाही. शेवटी मीच तिला वॉर्डात घेऊन गेले. ग्रॉन्या मानेला पट्टा लावून उताणी पडलेली. अक्षयाने सगळं इंग्रजीत सांगितलं. ग्रॉन्या छताकडे बघत म्हणाली, तू मराठीत ओरडलीस, म्हणून मी होता नव्हता तो जोर लावला. मग तिने विचारलं, शब्द काय होता तो?

"थांबा."

"टांबा," ग्रॉन्या म्हणाली. इथल्या लोकांच्या जिभेला थ वळत नाही. अक्षयाने सावकाश पुन्हा म्हणून दाखवलं, ग्रॉन्या मागोमाग म्हणत गेली, आणि शेवटी तिला तो नीट म्हणता आला. अक्षयाच्या तोंडून मी ऐकलेलं मराठी तेवढंच शेवटचं.