राजकन्येचं मधलं वर्ष

ती केस निघाली की मला आजही आधी काळा चहा आठवतो, मग ती पोर.

मी सिंगापूर पोलिसात सार्जंट होतो. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून वाद आहे. तर क्वीन्सटाउनजवळच्या एका कॉन्डोतून, म्हणजे श्रीमंतांच्या सोसायटीतून, तक्रार आली. मालक बँकेतला बडा माणूस. त्याच्याकडे युरोपातल्या कुठल्याशा राजाच्या दरबारी चित्रकारानं साडेतीनशे वर्षांपूर्वी काढलेलं राजकन्येचं चित्र. पाच वर्षांची पोर, घागरा हा एवढा रुंद. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'मुलगी टेबलामागे उभी आहे.' आमच्या इन्स्पेक्टर मॅडम म्हणाल्या, "सार्जंट, दॅट इज हर ड्रेस, लाह!" तेव्हापासून स्टेशनात माझं नाव टेबल.

मालकानं चित्र घरी नेऊ देऊन भिंतीवर लावायला त्याची नक्कल करून घेतली होती आणि परत आलेलं अस्सल चित्र गोदामात ठेवलं होतं. विकायला काढलं तेव्हा जाणकार म्हणाला, दोन्ही नकलाच. नक्कल करणारे काका मराठी, जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीतले रिटायर्ड इंजिनीअर. मालक म्हणाला, "ते देवमाणूस आहेत, गोदामवाल्यांना धरा." आम्ही धरलं. मी एकाला असा दम भरला की मलाच दम लागला. निघालं काहीच नाही.

टीप दिली काकांच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधल्या, चहावाल्या अंकलनं. "तो पेंटर अंकल बिनसाखरेचा काळा चहा प्लास्टिकच्या पिशव्या भरून नेतो. पीत नाही, हातालाच डाग."

मी म्हटलं, "डायबेटिस असेल."

हा किस्सा मी मॅडमना हसत सांगितला, तर त्या जेवण टाकून उठल्या. चहा फासला की नव्या कॅनव्हासची पाठ जुनी दिसते, हे त्यांना ठाऊक होतं. मला फक्त डायबेटिस ठाऊक.

काकांनी दार उघडलं, अडवलं नाही. अस्सल चित्र पलंगासमोरच होतं. आणि भिंतीभर तीच पोर. सहाची, दहाची, पार विशीतली. तसाच घागरा, तिच्याबरोबर वाढत गेलेला. मला वाटलं, नकली मालाचा कारखानाच घावला! पेपरातल्या फोटोसाठी मी मिशी सारखी केली.

काका मराठीशिवाय बोलेनात, म्हणून जबाब घ्यायला मला बसवलं.

"काका, ही कोण?"

"मुलगी."

"कुठल्या राजाची?"

"माझी."

मिशीवरचा हात खाली आला. पोर पाचव्या वर्षी तापानं गेली होती.

काका म्हणाले, "साहेब, त्या काळी राजकन्येचं लग्न लहानपणीच ठरायचं, लांबच्या देशात. मग मधूनमधून तिचं नवं चित्र तिकडं धाडायचे, केवढी झाली ते बघायला. मला कोण धाडणार? मीच काढतो, दर वाढदिवसाला."

"मग चोरी कशापायी?"

"ही अगदी तिच्यासारखी बघते. परत द्यायला निघालो होतो, लिफ्टपर्यंत गेलो. एकदा एका पोरीला पोचवून आलोय, साहेब. दुसऱ्यांदा नाही जमलं."

मी पेन शोधायला टेबलाखाली वाकलो. पेन हातातच होतं.

गुन्हा कबूल होता, शिक्षा झाली. अस्सल चित्र मालकाकडे गेलं आणि त्यानं ते पुन्हा गोदामात टाकलं. काकांची चित्रं आमच्या मुद्देमालाच्या खोलीत. त्यांनी एकच मागितलं होतं, "तोंडं भिंतीकडे करू नका." मी सगळी सरळ लावली. आत जाणारा जो तो दचकायचा आणि मला शिव्या घालायचा.

सुटल्यावर काका चित्रं न्यायला आले. मी घरी पोचवून, वयाप्रमाणं टांगून दिली. पुढच्या चित्रासाठी ठोकलेला शेवटचा खिळा रिकामा राहिला.

"रंग आणून देऊ?"

"नको. तुरुंगात तिचा एक वाढदिवस राहिला. मधलं वर्ष न बघता एकदम पुढची कशी काढू? मला ओळखू येणार नाही ती."

"अंदाजानं काढा की," मी म्हणालो. अक्कल वाटत होते तेव्हा मी बहुधा चहाला गेलो होतो.

काकांनी खिळा उपटला आणि माझ्या हातात ठेवला.

चोरी झाली की आपण विचारतो, काय गेलं? नोकरीभर मी हे मालकालाच विचारत आलो. चोराला विचारायचं या केसनं शिकवलं, तेव्हा नोकरी संपत आली होती.

आता दर रविवारी आंग मो किओला मुलीकडे जातो. ती जेवायला वाढते, मी बघत बसतो.

"पा, व्हाय यू स्टेअर लाइक दॅट?"

मी म्हणतो, "तुला नाही गं. टेबल बघतोय."